दोरीला हात न लावता

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला कॉलेजात साधं कपाट मिळत नाही, मत तर दूरच. तरीही मी तृतीय वर्षाच्या प्राणिशास्त्राच्या मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या माशांचं पुस्तक केलं. प्रत्येकाने एक प्रकरण लिहिलं. पुस्तक आम्ही इंटरनेटवर खुलं ठेवलं: कुणीही वाचा, छापा, फक्त लिहिणाऱ्यांची नावं राहू द्या. हे मुलांना समजावावं लागलं नाही. रापणीचं लांबलचक जाळं सगळे मिळून किनाऱ्यावर ओढतात आणि दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

पुढच्या सत्रात विभागप्रमुखांचं गाइड आलं. आमचंच पुस्तक, वर त्यांचं एकट्याचं नाव, आत ‘सर्व हक्क राखीव’. गाइडशिवाय प्रॅक्टिकलला बसायचं नाही, असा तोंडी हुकूम.

तारकर्लीची एक मुलगी गाइडऐवजी स्वतःच्या प्रकरणाची झेरॉक्स घेऊन प्रॅक्टिकलला आली. विभागप्रमुख सरांनी ती सगळ्यांसमोर फाडली.

“ही चोरी आहे. माफीनामा दे, नाहीतर अंतर्गत गुण शून्य.”

“सर, ह्यां मीयाच लिवलेलां आसा.”

“पुरावा?”

तिने शेजारणीचं गाइड उघडून वाचलं, “‘माझे वडील तारकर्लीला रापण ओढतात. त्या जाळ्यात मी पहिल्यांदा जिवंत वागळी पाहिली.’ सर, तुमी थंय घाटाकडच्या वैभववाडीचे ना? तुमचो बापूस आमच्या रापणीक कधी इल्लो?”

“वाटो न्हेवक इल्लो आसतलो,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला आणि सरांची ऑफिसातली मराठी गळून पडली. “माका शिकवतंस गो? बघतंय, पास कशी होतंस तां.”

एवढा विद्वान माणूस, पण चोरलेलं वाचण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

तिचे अंतर्गत गुण माझ्या सहीने जाणार होते. सरांनी केबिनमध्ये बोलावून शून्य भरायला सांगितलं. स्टाफरूममधली कायम नोकरीवाली मंडळी चहा ढवळत म्हणाली, “मॅडम, कशाला वाकड्यात शिरता?” खुल्या शिक्षणावरच्या कार्यशाळेत प्रमाणपत्रासाठी पहिल्या रांगेत बसणारी ती हीच माणसं.

मी तिने कमावलेले गुण भरले, सही केली आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर पाठवून टाकले. ती पास झाली. मला पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत. विचारलं तेव्हा उत्तर आलं, “वर्कलोड नाही.”

पुस्तक अजून खुलं आहे, सगळ्यांच्या नावांसकट. सर, तुम्हीही पुन्हा उतरवून घ्या, मनाई नाही. फक्त दुसऱ्याचा बाप आपला म्हणून छापण्याआधी एकदा वाचून बघा.