बाईंच्या पायाजोगा क्लच

स्पेअर पार्टच्या दुकानात माल पडून राहतो तसे किस्सेही पडून राहतात. फरक एवढाच, की मालाला गंज चढतो आणि किस्से मात्र दर वर्षी जास्त चकाकतात. सांगणारा प्रत्येक जण जाताजाता त्यावर एक हात फिरवून जातो ना! माझं दुकान कोल्हापुरात उद्यमनगरात, बंडूअण्णाच्या गॅरेजला लागून. मधे नुसता एक पत्रा. पलीकडं अण्णा शिंकला की अलीकडं माझे नटबोल्ट हलायचे. गडी जुना पैलवान. कुस्ती सुटली, पण अंगातली रग काही सुटली नाही. आज फक्त क्लचपुरतंच सांगतो. सगळं सांगत बसलो तर तुम्हाला इथंच जेवायला वाढावं लागेल.

* * *

आमच्याकडं त्या काळी क्लच प्लेट कशी निवडायचे माहीत आहे का? वजनावर! माप कुणी विचारायचं नाही. दोन हातात दोन प्लेटी घ्यायच्या, डोळे मिटायचे आणि जी जड लागेल ती चांगली.

उचगावचे एक गुळाचे व्यापारी आले. त्यांची गाडी आपली लहान, घरगुती. दोन्ही हात वरखाली करून म्हणाले, "ही द्या. ही भरीव हाय."

"अहो, ती ट्रकची हाय!"

"असू दे की! पोराला सदरा घेताना आपण जरा वाढत्या अंगाचाच घेतोय न्हवं?"

आता गाडी वाढत नाही हे त्यांना पटवता पटवता माझा चहा गार झाला.

* * *

एका कापडवाल्या शेठची गाडी सारखी गॅरेजला. नवी प्लेट टाकली की जळली, टाकली की जळली. शेठ माझ्या दुकानावर येऊन भांडायचे, "माल खोटा देता तुम्ही!" मी पत्र्यापलीकडं बोट दाखवायचो. शेवटी अण्णा वैतागून शेठच्या शेजारी गाडीत जाऊन बसला. बघतोय तर काय, शेठचा डावा पाय कायम क्लचच्या पेडलवर! उतार असो, चढ असो, पाय आपला तिथंच मुक्कामाला.

"शेठ, पाय काढा की त्यो!"

"काढून ठेवू कुठं? अधांतरी बरं वाटत न्हाई."

अण्णानं दुसऱ्या दिवशी पेडलच्या शेजारी जेवायचा पाट ठोकून बसवला. "यावर ठेवा पाय. जेवायला बसल्यागत."

क्लच जळायचा थांबला. पण पुढं शेठच्या मालकीणबाई माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या, "घरात पाटावर बसा म्हटलं, की म्हणतात, त्यो पाट गाडीत गेलाय!"

* * *

आता खरी गोष्ट. गडहिंग्लजच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. भाऊ आफ्रिकेतनं परत येताना तिकडं वापरलेली एक छोटी गाडी बरोबर घेऊन आला आणि बहिणीला दिली. अख्खं मागचं अंग दारासारखं वर उघडायचं. आमच्याकडं तसली गाडी कुणी बघितली नव्हती. अण्णानं ते दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाला, "पुढं दार, मागं दार! गाडी हाय का घर?"

त्या गाडीतनं बाई एकट्या आजूबाजूच्या गावांत बाळंतपणं करत हिंडायच्या. मग एकदा दवाखान्याच्या पायरीवरनं घसरल्या आणि डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण पायातला जोर गेला. त्यात गाडीचा क्लचही म्हातारा झालेला. चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही.

बाईंचे दीर शंकरराव बाईंना शेजारी बसवून ती कशीबशी चालवत घेऊन आले. माणूस मनाचा चांगला, तोंडाचा पट्टा मात्र सुटलेला. "वैनी, आता पुरं! डायवर ठेवूया, न्हायतर विकून टाकूया. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

बाई अण्णाला म्हणाल्या, "अण्णा, ड्रायव्हर ठेवला की तो ठरवणार मी कधी निघायचं. तिकडं बायका वाट बघत असतात हो माझी. मला माझ्याच पायानं गाडी चालवायची आहे. होईल का?"

"व्हईल की! न व्हायला काय झालं?"

समोर विमान आणून ठेवलं असतं तरी अण्णानं हेच सांगितलं असतं.

* * *

पार्ट मिळेना. मुंबईला विचारलं, पुण्याला विचारलं, गाडीचं नाव ऐकून लोक हसले. पण मिळत नाही म्हणजे बनवायचं, एवढाच त्याचा अर्थ उद्यमनगरात! आता बनवायचा तर कसला बनवायचा, यावर गॅरेजपुढं सभा भरली. जुन्याच प्लेटीला नवं लायनिंग लावा म्हणे. टॅक्सीची बसवा म्हणे. चहावाला चहा देऊन परत गेला नाही, त्यानंही मत दिलं.

अण्णा म्हणाला, "बाईमाणूस हाय. एवढ्या लांबनं परत परत यायला लागू नये. कायमचा इलाज करतो." आणि क्लच आवळून धरणाऱ्या प्रेशर प्लेटीला त्यानं जीपच्या दणकट स्प्रिंगा बसवल्या. दाबून बघितलं. "लोणी!" तालमीतले दोन दोस्त आले होते, त्यांनी दाबून बघितलं. "लोणी!"

बाई आल्या, सीटवर बसल्या, पाय टेकवला. पेडल हललं नाही. दोन्ही पाय लावले. स्टिअरिंगला धरून अर्ध्या उभ्या राहिल्या. पेडल आपलं ढिम्म!

"अण्णा," बाई म्हणाल्या, "आधी तालमीत नाव घालू का माझं?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण मग खिडकीबाहेर तोंड केलं आणि पदर डोळ्याला लावला. आम्ही सगळे चपापलो. शंकरराव सुरू झाले, "मी म्हणत न्हवतो? ह्यो पाय आता..."

"पावणं, गप बसा," अण्णा म्हणाला. "चूक माझी हाय. पायाची न्हाय."

* * *

अण्णाची आई, आक्का, गॅरेजच्या मागंच राहायची. दुसऱ्या दिवशी अण्णानं तिला हाताला धरून गाडीपाशी आणली. म्हणाला, "आम्ही रेड्यांनी दाबून बघितलं, तितंच चुकलं. तू बघ."

आक्का गाडीत बसली, पण पाय काही लावेना. "लक्ष्मी हाय रं ही. पाय कसा लावू?"

"आये, त्यो पायानंच दाबायचा असतोय!"

"असूंदे. कुकू आण आधी."

पेडलला हळदकुंकू लावलं, हात जोडले, आणि मग दाबलं. "लई घट्ट हाय."

मग रोज हाच उद्योग. अण्णा स्प्रिंगा बदलणार आणि आक्का गल्लीतल्या बायका गोळा करून आणणार. भाजीवाली, शाळेतल्या बाई, समोरच्या घरातली नवी सून. एकेकीनं आत बसायचं, हात जोडायचे, दाबायचं आणि मत द्यायचं. पुरुष गिऱ्हाईकं पानं खात बाहेर ताटकळायची.

एक ट्रक ड्रायव्हर ही रांग बघून मला म्हणाला, "पावणं, हितं हळदीकुंकू हाय काय?"

म्हटलं, "न्हाई. क्लच हाय."

* * *

एवढं करूनही घोडं अडलंच. स्प्रिंगा मऊ टाकल्या की आक्का खूष, पण माणसं भरून चढावर नेली की क्लच घसरायचा. कडक टाकल्या की गाडी चढायची, पण बाईंचा पाय हरायचा. अण्णाचं जेवणातलं लक्ष उडालं. तांबड्या रश्श्याला नको म्हणाला, म्हणजे बघा!

बाई त्या दिवशी गॅरेजपुढं स्टुलावर बसून घोटा फिरवत होत्या. समोर हापशावर दोन पोरी पाणी काढत होत्या. बाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, त्या हापशाचा दांडा आखूड असता, तर या पोरींना जमलं असतं का हो?"

अण्णा हापशाकडं बघत उभा राहिला. मग पलीकडच्या टर्नरकडं पळाला. पैलवान पळताना मी पहिल्यांदाच बघितला.

क्लचला ओढणारा दांडा लांब केला. स्प्रिंगा कडकच ठेवल्या, फक्त जीपच्या नव्हे. जुन्या प्लेटीला नवं लायनिंग लावलं. आक्कानं दाबलं आणि म्हणाली, "आता कसं! शिवणाच्या मशीनीगत लागतंय."

मग बाई बसल्या. दाबलं, सोडलं. परत दाबलं, सोडलं. थांबेचनात. रडतही होत्या आणि दाबतही होत्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

* * *

अण्णाचा एक नियम होता. क्लचचं काम केलेली गाडी माणसं भरून जोतिबाच्या डोंगरावर चढली, तरच मालकाच्या ताब्यात द्यायची. दर वेळी चालवायला स्वतः अण्णा. या वेळी त्यानं किल्ली बाईंच्या हातात ठेवली.

शंकररावांनी निघतानाच सांगितलं, "वैनी, डोंगर चढला तर मी परत तोंड उघडणार न्हाई. न्हाई चढला, तर उद्या गिऱ्हाईक येतंय. सौदा करायचा."

"बसा मागं," बाई म्हणाल्या.

पुढं बाई आणि आक्का. मागं मी, अण्णा आणि शंकरराव, गोणीत कांदे भरल्यासारखे. घाट लागला. गाडी बरी चढत होती. आणि ऐन वळणावर, अगदी उभ्या चढाला, पुढची यष्टी थांबली! बाईंना थांबावंच लागलं. मागं दरी. अण्णानं पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी मनातल्या मनात चांगभलं म्हणत होतो.

यष्टी हलली. शंकरराव पुटपुटले, "मी उतरतो वैनी, तेवढंच ओझं कमी."

"उतरू नका. ओझं घेऊनच चढायचंय."

बाईंनी गिअर टाकला, दातांत ओठ धरला आणि डावा पाय हळूहळू उचलला. गाडी बोटभरही मागं आली नाही. उचलली आणि निघाली! अण्णानं माझ्या मांडीवर अशी थाप मारली, की वर पोचेपर्यंत मला तो पाय माझा वाटत नव्हता.

वर गाडी लावून बाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या दर्शनाला. मी पाय जरा मोकळा करते." आक्का त्यांच्यापाशी थांबली. आम्ही तिघं गेलो, दर्शन घेतलं, गुलालानं लालभडक होऊन परत आलो. बघतोय तर गाडी गायब!

शंकररावांचं तोंड त्या गुलालातही पांढरं पडलेलं दिसलं. "घाटातनं घरंगळली का काय वो?"

शेजारीच गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "त्या बाई व्हय? गेल्या की! पायऱ्यांवर एका पोरीला कळा सुटल्या. तिला गाडीत घातली, तिची सासू घातली, तुमची म्हातारी हुतीच. कोल्हापूरला दवाखान्यात न्हेते म्हणाल्यात. तुम्हाला यष्टीनं यायला सांगितलंय."

यष्टी खच्चून भरलेली. आम्ही तिघं दांडीला लोंबकळत उभे. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि शंकररावांकडं बघून म्हणाला, "पावणं, वर येताना दिसला न्हाईसा. कशानं आलतासा?"

शंकररावांनी छाती काढली आणि अख्ख्या यष्टीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या वैनींनी आणलं. मोटारीतनं! उभ्या चढाला थांबून परत उचलली गाडी!"

"मग जाताना यष्टीत का?"

"वैनी कामावर गेल्यात!"