वाजणारा फोन आणि उभी माणसं

घरपोच सामान सुरू केल्यापासून मांडवीच्या आमच्या वाण्याला उभ्या गिऱ्हाइकाची किंमत उरली नव्हती. फोन वाजला की आमचं सामान अर्धवट टाकून तो फोनवाल्यांची यादी लिहीत बसायचा. आम्ही मनातल्या मनात चरफडायचो. बोलायचं मात्र कुणीच नाही.

त्या दिवशी माझ्यापुढे मला अनोळखी अशी एक म्हातारी होती. डोक्यावरून ओढणी, काखेत कापडी पिशवी. तांदळाचा दाणा दाताखाली फोडून, पसंत पडल्यावरच तिने मान हलवली. तांदूळ तराजूत पडतो न पडतो तोच तिसऱ्यांदा फोन वाजला. वाणी तिकडे वळता वळता तिला म्हणाला,

"चाची, तुमचा मुलगा दुबईला, घरात फोन आहे. यादी सांगा, मी पोचवतो. उन्हातून येता कशाला?"

"घरात दिवसभर भिंतींशी बोलते रे मी," ती म्हणाली. "इथं येते ती चार माणसं दिसतात म्हणून. आणि तू मला भिंतीसारखीच उभी ठेवतोस?"

तिने स्वतःच रिसीव्हर उचलला. "दुकानात माणसं उभी आहेत. त्यांचं झालं की तुमचं!" असं ठणकावून तिने तो खाली आपटला. "हां, तोल आता."

वाण्याने तांदूळ तोलून तिच्या पिशवीत ओतला. पिशवी सावरत ती निघून गेली.

मग माझा नंबर लागला आणि पुन्हा फोन वाजला. वाण्याने माझ्याकडे पाहिलं. "घ्या, घ्या," मी म्हणालो.

स्वतःच्या त्या दोन शब्दांचा मला अजून संताप येतो.