गाठ न्हाई, डासाचा ताप

सुहास यातनं उठत नाही, हे सगळ्यांच्या आधी माझ्या मनानं घेतलं. डॉक्टरांच्याही आधी.

कारण त्याचा एमआरआय मीच काढला.

माझा धाकटा भाऊ. फौजेतून सुट्टीवर आला होता. ताप चढला, बरळायला लागला, मग फिट आली. गावात कुणीतरी बोललं, "डोक्यात गाठ असंल." झालं! आईनं अन्नच सोडलं.

मिरजेत मी कामाला आहे त्याच हॉस्पिटलात आणला. मशीनमध्ये सरकवताना आमच्या फौजी साहेबांचे डोळे उघडत नव्हते, पण जीभ चालूच.

"आक्के, मेंदू सापडला तर गावाला कळीव. लय जणांची पैज लागलीया."

"गप पड. हललास तर परत काढीन."

काचेपलीकडे तो. अलीकडे मी.

स्क्रीनवर इमेज यायला लागल्या. गाठ नव्हती.

मेंदूत खोल आत, थॅलॅमसवर पांढरे डाग. दोन्ही बाजूंना.

असले डाग मी आधी पाहिले होते. दुसऱ्यांच्या लेकरांच्या मेंदूत.

माइकवर मी म्हणाले, "झालंच बघ. शहाण्यासारखा पडलायस."

आवाज नीट कसा निघाला, देव जाणे.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ नाही. डासातून होणारा मेंदूज्वर वाटतोय. पाठीतलं पाणी तपासू, मग पक्कं कळेल. पण केस सीरियस आहे.

आमच्या लोकांनी 'गाठ नाही' आणि 'डास' एवढंच ऐकलं.

तात्यांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, उभ्या उभ्या फोन लावायला सुरुवात केली. "गाठ न्हाई रं! डासाचा ताप हाय निस्ता!" आई हात जोडून रडली. चहा आला, भडंग आलं. कॉरिडॉरचं लग्नघर झालं नुसतं.

त्या व्हायरसवर औषध नाही. फिट थांबवायची, सूज उतरवायची आणि वाट बघायची. आमच्यात हे फक्त मला माहीत होतं.

हातात चहाचा कप घेऊन मी माझ्याच माणसांत उभी होते. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

सांगणार कसं? आई घास खात होती.

पाण्याचा रिपोर्टही तेच बोलला. सुहास आयसीयूतनं घरी आला नाही.

आज वर्ष झालं.

जेवणं उरकल्यावर तात्या शेजारी येऊन बसले. वाटलं, आता नेहमीचं विचारणार, "डासानं माणूस मरतंय व्हय गं?"

पण म्हणाले, "पोरी, त्या दिशी चहा पिताना तुझं तोंड बघितलं मी. तवाच वळाकलं."

"मग विचारलं का नाही, तात्या?"

"इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

"अन् फोन? तुम्ही तर नंतरही सगळ्यांना हसून सांगत होता."

"तुझी आई बघत हुती माझ्याकडं."

वर्षभर मी समजत होते, मी एकटीच होते.

सुहाश्या, लय आठवण येते रे. तुझ्या आक्केचा रामराम घे.