कॉलिनची काडतुसं

आइसक्रीमचा डबा घेऊन ट्रिश दारात उभी राहिली, तेव्हा चंद्रहास आपटेला वाटलं, फिजोआ आणले असतील, पेरूसारखी ती हिरवी फळं. एप्रिलमध्ये इकडे परदेशात, टाकानिनी नावाच्या या उपनगरात, ज्याच्या परसात फिजोआचं झाड, तो असे डबे भरभरून वाटत सुटतो; नको म्हटलं तर दारात ठेवून पळतो. चंद्रहासनं हसत डबा घेतला. चांगला जड होता.

"यंदा हीप्स, ढिगानं लागलेले दिसतात," तो म्हणाला.

"डॅड आहे त्यात," ट्रिश म्हणाली.

ट्रिशचा डॅड म्हणजे कॉलिन, कुंपणापलीकडचा म्हातारा शेजारी, गेल्याच महिन्यात वारलेला. त्याच्या अंत्यविधीला चंद्रहास जाऊन आला होता. पण कॉलिन असा राख होऊन हातात येऊन पडेल, तोही हॉकी-पोकी आइसक्रीमच्या डब्यातून, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. डबा टाकावा तर पाप, धरावा तर आत माणूस.

"मे महिन्यात बदकांच्या शिकारीचा पहिला दिवस असतो ना, त्या सकाळी डॅडला आमच्या शेतावरच्या तळ्यावर उडवायचंय," ट्रिश म्हणाली. "काडतुसांत भरून. त्याच्या त्या काळ्या दारूच्या. आणि काडतुसं तूच भरायचीस. तसं बजावून गेलाय तो."

"उडवायचंय?" एवढंच चंद्रहासच्या तोंडून निघालं.

आता हा आपटे आणि काडतुसं, हे त्रांगडं कसं जमलं ते सांगायला हवं. जवळच्याच मनुरेवातल्या एका फार्मसीत वर्षानुवर्षं गोळ्या मोजणारा हा मिरजेचा माणूस. आपट्यांच्या सात पिढ्यांत कुणी झुरळ मारलं असेल तर शपथ. पण इथं घर घेतलं आणि पलीकडच्या शेडमधून रोज ठक ठक ऐकू यायला लागलं. एकदा न राहवून हा कुंपणावरून डोकावला. कॉलिन पूर्वी घोड्यांना नाल मारायचा. खोगिराखालचा जुना लोकरीचा नमदा ठोकळ्यावर पसरून, पोलादी पंचावर हातोडी मारत तो गोल चकत्या पाडत होता. काडतुसात खाली दारू, वर छर्रे, आणि दोघांच्या मधे ही चकती. तिला म्हणायचं वॅड. चंद्रहासनं दोन चकत्या बोटांत धरल्या आणि सवयीनं म्हणाला, "जाडी सारखी नाहीये." कॉलिननं त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पंच त्याच्या हातात दिला.

झालं! तेव्हापासून हा त्याचा चेला. रीतसर लायसन्स काढलं, क्लबात गेला, हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या फोडायला शिकला. जिवंत पाखरावर मात्र कधी बार टाकला नाही. कॉलिनही त्याला आग्रह करायचा नाही. त्याचं स्वतःचं वैर फक्त पुकेकोंशी. हा निळ्या अंगाचा, लाल चोचीचा पक्षी, आपल्याकडच्या जांभळ्या पाणकोंबडीचा सख्खा चुलतभाऊ, त्याची भाजीची रोपं उपटून टाकायचा आणि कॉलिन पायातली जँडल, म्हणजे रबरी चप्पल, काढून फेकून मारायचा. एकदाही लागली नाही.

पण या दोघांची गाठ खरी पक्की झाली ती कोविडात. चंद्रहासचे वडील मिरजेला वारले. विमानं बंद. दहाव्याला चुलतभावानं कृष्णाकाठी पिंड ठेवले आणि हा इथे डेकवर फोन धरून बसला. कावळा काही शिवेना. "बापू, चंद्र्याची काळजी करू नकोस," असं तिकडे सगळे पिंडासमोर सांगून थकले. कॉलिननं कुंपणावरून विचारलं, "कशाची वाट बघताय?" चंद्रहासनं सांगितलं, गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नसेल तर कावळा येऊन शिवतो. कॉलिन आत आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेजारी बसून राहिला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. बाबा आपल्यासाठी अडून राहिले, हे शल्य चंद्रहासच्या मनातून कधी गेलं नाही. "तुझ्या बाबांच्या कावळ्याला उशीर झाला असेल," एवढंच तेव्हा कॉलिन म्हणाला होता.

आता त्याच कॉलिनला बंदुकीत घालायचं? अस्थी नदीत सोडतात, समुद्रात सोडतात. बार काढतात का कधी? पण नाही कसं म्हणणार? वडिलांच्या वेळी हात पोचला नाही, आणि इथे तर माणूसच हातात दिलेला.

"घरात नाही आणायचा तो," प्रमोदिनी, त्याची बायको, दारातूनच म्हणाली. "अस्थी आहेत त्या. झाडाला टांगा." तिनं खणाचं लाल कापड दिलं आणि डबा परसातल्या लिंबाला टांगला गेला.

दोन दिवसांनी ट्रिश नमदा आणि पंच घेऊन आली ती थेट परसातच. पाहते तर काय, लिंबांच्या मधोमध लाल गाठोडं आणि त्यातून डोकावणारा हॉकी-पोकीचा डबा. ती किंचाळलीच. "डॅड झाडावर काय करतोय?"

"आमच्यात असंच ठेवतात," चंद्रहास ओशाळून म्हणाला. "मानानंच ठेवलाय."

ट्रिशनं झाडाखाली जाऊन गाठोडं चाचपलं. "निदान पाऊस लागत नाहीये ना त्याला?" तिनं विचारलं.

वॅडचं मात्र आपट्यानं फार मनावर घेतलं. प्लॅस्टिकची हल्लीची वॅड काळ्या दारूच्या आगीत वितळून नळीला चिकटते, म्हणून ती बाद. नमदा उत्तम, पण तो मेण आणि मेंढीच्या चरबीत भिजवावा लागतो, म्हणजे नळीतली काजळी मऊ राहते. (ती चरबी पहिल्यांदा स्वयंपाकघरात वितळली, तेव्हा प्रमोदिनी आठवडाभर बोलली नव्हती.) त्यानं आधी छर्र्यांच्या जागी शेगडीतली राख भरून क्लबात एक काडतूस उडवून पाहिलं. राखेनं चरबी शोषून घेतली, तिचा गोळा झाला आणि तो पन्नासेक पावलांवर थप्पकन चिखलात पडला.

उद्या हा कॉलिन असता तर! पोरीच्या डोळ्यांदेखत बाप शेणाच्या गोळ्यासारखा पडला असता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग त्यानं दारूवर आधी कडक पुठ्ठ्याची चकती बसवली, वर नमदा, नमद्यावर कोरड्या पुठ्ठ्याची आणखी एक, मग राख, आणि तोंडाशी अगदी पातळ कागदी चकती, बार निघताच फाटेल अशी. पुन्हा चाचणी घेतली. या वेळी राख धुक्यासारखी पसरली. घरी येऊन त्यानं आंघोळ केली, लिंबावरचं गाठोडं उतरवलं, हात जोडले आणि शेडमध्ये बसून कॉलिनला भरलं.

इथं मे म्हणजे थंडीचं तोंड; ती सकाळ गारठ्याची होती. तळ्याकाठी मायमाय, म्हणजे शिकाऱ्यांचा आडोसा, त्यात ट्रिश, चंद्रहास आणि शाल गुंडाळलेली प्रमोदिनी. पहिला बार ट्रिशनं काढला. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि त्यातून करडी राख पाण्यावर अलगद उतरत गेली. दोघांनी आळीपाळीनं सगळी काडतुसं संपवली. एकही गोळा पडला नाही. शेवटच्या बाराचा नमदा समोरच्या चिखलात येऊन पडला, कडेनं जरासा करपलेला.

ट्रिशनं थर्मासमधला चहा ओतला. चंद्रहासच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. बार नीट झाले, पण माणूस नीट गेला का, हे कोण सांगणार? या देशात कावळाही सहसा दिसत नाही. तो पाण्याकडे बघत मराठीतच पुटपुटला, "कॉलिन, सगळं तुझ्या मनासारखं झालं ना रे?"

काठावरची लव्हाळी हलली. लाल चोच बाहेर आली, मग निळं अंग. एक पुकेको शेपटी उडवत ऐटीत चालत आला, त्या नमद्यापाशी थांबला, मान वाकडी करून पाहिलं, आणि चोच मारली.

"ब्लडी पुकेको!" ट्रिश ताडकन उठली. पायातला गमबूट काढून तिनं हात उगारला.

चंद्रहासनं तिचं मनगट धरलं.

"अहो, शिवला!" मागून प्रमोदिनी म्हणाली. "शिवला!"

ट्रिशचा हात तसाच राहिला. "तो तुमचा कावळा," ती हळूच म्हणाली. "डॅड मला सांगायचा, तुझ्या बाबांच्या वेळचं."

तिनं बूट खाली ठेवला. पुकेकोनं नमदा चोचीत उचलला आणि तो लव्हाळ्यात शिरला. चंद्रहासनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वडिलांच्या वेळी आलं नव्हतं ते रडू त्याला आत्ता आलं.