चावते, आंबट, गेली

आमच्या भांडुपच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक प्लास्टिकचा डबा असतो. एकेकाळी त्यात श्रीखंड होतं, झाकणावर अजून आंब्याचं चित्र आहे. भाचरं आली की हमखास तो शोधून काढतात आणि आत चौकोनी बॅटऱ्या बघून हिरमुसतात. प्रत्येक बॅटरीच्या डोक्यावर काळी टेप, अंगावर कागदी पट्टी, पट्टीवर बॉलपेनने तारीख आणि एक शब्द. डबा माझ्या पप्पांचा. त्यातल्या मालावर पोट मात्र माझं.

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. एप्रिलमध्ये भीमगीतं, एरवी लग्नाचे वाढदिवस आणि जुनी हिंदी गाणी. "म्हणजे गिटारच ना?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. चार जाड तारा, गाण्याच्या तळाचा आवाज. तो असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, गेला की सगळे माझ्याकडे बघतात. माझ्या पहिल्या बेसला बॅटरी लागायची नाही. मग अंधेरीच्या एका वादकाकडून मी वापरलेला, पण चांगला अ‍ॅक्टिव्ह बेस घेतला. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे त्याच्या पोटात आवाज घडवणारं छोटं सर्किट असतं आणि ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. वायर खोचली की सर्किट चालू, काढली की बंद. विकणाऱ्याने हे सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. बेस वायरसकट आठवडाभर कोपऱ्यात उभा राहिला, बॅटरी संपली आणि पहिल्याच कार्यक्रमात मी तोंडावर पडले.

घरी येऊन मी बॅटरीला, बेसला, विकणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. माझा आवाज तसाही चढलेलाच असतो. पप्पा वायरमन, एका ऑफिसच्या इमारतीत आयुष्यभर नोकरी करून तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. माझं ओरडून होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "वाजवायचं तू बघ. बॅटरीचं मी बघतो."

आणि डोळ्यात तेल घालून बघितलं त्यांनी. दुकानात काचेत उन्हं खात टांगलेल्या बॅटऱ्या घ्यायच्या नाहीत, आतल्या खोक्यातल्या मागायच्या. पाकिटावरची तारीख वाचायची. खेळण्यांच्या स्वस्त बॅटऱ्या नकोत, अल्कलाइनच हवी. कार्यक्रम झाला की वायर काढायची आणि बरेच दिवस वाजवायचं नसेल तर बॅटरीही काढायची, नाहीतर ती आत पाझरते. बॅटरी सुट्टी पिशवीत टाकायची नाही. मी एकदा टाकली होती. घराच्या किल्लीला तिची दोन्ही टोकं लागली आणि पिशवी हाताला चटका बसेल इतकी तापली. ती काळी टेप तेव्हापासूनची. आईचं म्हणणं, फ्रीजमध्ये ठेवा, टिकतील. पप्पा म्हणायचे, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटतो, मग टोकं गंजतात. शेवटी आईने हात टेकले आणि चादरींखालची जागा दिली. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात, त्याही पप्पा डब्यात टाकायचे.

पण त्यांचं खरं काम जिभेचं. बॅटरीची दोन्ही टोकं जिभेच्या शेंड्याला क्षणभर टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. 'चावते' म्हणजे कार्यक्रमाला. 'आंबट' म्हणजे घरी सरावाला. 'गेली' म्हणजे भंगारच्या पिशवीत. दुकानाच्या काउंटरवरही ते हेच करायचे, दुकानदार कपाळाला हात लावायचा. मी कितीदा भांडले. "पप्पा, दीडशे-दोनशेत मीटर मिळतो, जीभ कसली लावताय?"

"मीटर नुसतं बघतो," ते म्हणायचे. "जीभ तिला जरा काम करायला लावते. नुसतं बघितलं तर थकलेली बॅटरीपण धडधाकट दिसते गं."

वर्षानुवर्षं त्यांचा एकही निकाल चुकला नाही.

मग त्यांच्या जिभेच्या कडेला गाठ आली. ऑपरेशन झालं, मागून शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस आले. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. पप्पा बचावले. बोलणं जाड झालं, शब्द सावकाश यायला लागले. जेवणाची चव गेली. सुक्या बोंबलाच्या वासाने ज्यांना झोपेतून जाग यायची, ते मऊ भात गिळून ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, चव परत येईल किंवा येणारही नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मला रडता येत नाही, मी भांडी आपटायचे.

म्हणूनच एका सकाळी त्यांनी स्वतःहून डबा काढला, तेव्हा मला इतका आनंद झाला की दुसरं काही सुचलंच नाही. आई म्हणाली, "अहो, जिभेला कशाला त्रास?" त्यांनी हातानेच तिला गप्प केलं. बॅटरी टेकवली, डोळे मिटले, बऱ्याच वेळाने म्हणाले, "चावते." पट्टीवर तसं लिहिलं. अक्षर तेच, वळणदार. मी खुशीत पुढच्या कार्यक्रमाला बॅटरी उचलली.

कार्यक्रम मुलुंडला होता, महिला मंडळाचा, दुपारचा. दुसऱ्याच गाण्यात माझ्या बेसचा आवाज फाटायला लागला. फाटका आवाज बारीक होत गेला आणि कडव्याच्या मध्यावर पूर्ण बसला. पिशवीतली दुसरी बॅटरी लावली. पट्टीवर 'चावते'. ती एक गाणं चालली. पुढचा अर्धा तास मी मुक्या तारांवर बोटं फिरवत, हसत उभी होते. आमचा कीबोर्डवाला, ज्याचा हा ऑर्केस्ट्रा, मध्यंतरात माझ्यावर उखडला. "वाट लावलीस यार! बॅटरी बघून येता येत नाही?" एरवी मी त्याला दुप्पट सुनावलं असतं. मी गप्प बसले, कारण मला तेवढ्यात कळलं होतं. ज्या जिभेला मिठाचा खडा कळत नाही, तिला बॅटरी काय कळणार?

येताना मी मीटर घेतला. पप्पा संध्याकाळी खाली फिरायला गेल्यावर डबा उघडला. सात बॅटऱ्या होत्या. तीन साफ मेलेल्या, मीटरलासुद्धा दिसाव्यात इतक्या. सातही पट्ट्यांवर 'चावते'.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

"झकास," मी म्हटलं.

त्यानंतर मी शहाणपणा केला. दुकानातून किंवा कार्यक्रमाहून आणलेली बॅटरी आधी लपून मीटरवर बघायची, बिघडलेली परस्पर भंगारात टाकायची, चांगली तेवढी पप्पांच्या हातात द्यायची. ते डोळे मिटायचे, 'चावते' लिहायचे. निकालही खरा, माणूसही खूश. असे चार-पाच महिने गेले आणि मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं.

एका रविवारी चहा पिताना त्यांनी डबा मांडीवर घेतला. एकेक बॅटरी काढून लादीवर रांगेत उभी केली.

"दहा," ते म्हणाले. "दहाही चावतात. दुकानदार एवढा साधू कधी झाला?"

मी कप तोंडाला लावला.

"आधी चारातली एक तरी जायची. माझी जीभ मेलीय, मोजता येतं अजून." मग म्हणाले, "मुलुंडचं मला त्याच आठवड्यात कळलं. तुमच्या कीबोर्डवाल्याचा फोन आला होता, तब्येत विचारायला. सांगून बसला बिचारा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो. म्हटलं, येईल, ओरडेल. त्या दिवशी नाही ओरडलीस. म्हटलं, उद्या ओरडेल." त्यांनी रांगेतली एक बॅटरी आडवी केली. "तू कुणाला सोडत नाहीस. मला सोडलंस. तेव्हा समजलो, माझं काही खरं नाही."

त्यांना जपायचं म्हणून मी जे केलं होतं, त्यातून गाठीपेक्षा वाईट बातमी मी त्यांना रोज, एकेक चांगली बॅटरी देऊन, सांगत होते. मला रडू येईल असं वाटलं. आला तो आवाज.

"सात बॅटऱ्या होत्या पप्पा, सात! तीन मेलेल्या! सातांवर चावते लिहून ठेवलंत! काही वाटलं नाही? कळत नव्हतं तर सांगायचं ना! अर्धा तास बावळटासारखी उभी होते मी तिथे, सगळ्या बायका बघत होत्या! आणि मीटर नको म्हणे, जीभ म्हणे!"

आई हात न पुसताच धावत आली. "अगं, वेड लागलं का तुला? आजारी माणसावर ओरडतेस?"

"ओरडू दे तिला," पप्पा म्हणाले. ते ताठ बसले होते. "चुकलंय माझं." मग माझ्याकडे हात पुढे केला. "आण तो मीटर. आणि उद्या एक छोटा रेझिस्टर आणायचा. मीटर लावताना बॅटरीला थोडं ओझं पाहिजे. नुसतं बघून नाही कळत."

मी धुसफुसत मीटर आणून दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या बॅटरीची पट्टी नखाने खरवडून काढली आणि मला पेन शोधायला पाठवलं.