जुलैचा रेट

आनंद वासनिकने आयुष्यात कोणाचा एसी मुद्दाम बिघडवला नव्हता. या धंद्यात ते करणारे ढिगाने सापडतील. गॅस पुरेपूर भरलेला असतो, तरी 'गॅस गेलाय साहेब' म्हणून तीन हजार काढतात. आनंदला ते कधी जमलंच नाही. म्हणूनच पुलगावहून पुण्यात येऊन सतरा वर्षं झाली तरी आपण मांजरीला वन रूम किचनमध्येच आहोत, असं त्याची बायको श्रद्धा म्हणते, आणि ती काही फार चुकीचं बोलत नाही.

एसीवाल्याचं वर्ष चार महिन्यांचं. मार्च ते जून फोन खाली ठेवता येत नाही, चौदा एप्रिल सोडला तर सुट्टी नाही. पाऊस लागला की मात्र बसा माश्या मारत. यावर आनंदने एक तोड काढली होती. जुलैपासून पुढे सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याला दोनशे रुपये कमी. कार्डावर तसं छापूनच घेतलं होतं. तोड वाईट नव्हती हो, पण तिनेच पुढे घात केला.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणारे हिंमतराव आणि वेणूबाई हे जोडपं त्याचं नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. वेणूबाई जिन्यावरून पडल्या, मानेच्या मणक्याला मार बसला, आणि तेव्हापासून मानेखालचं अंग हलेना. घामही येईना. 'उन्हाळ्यात यांची खोली थंडच पाहिजे,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. 'यांच्या अंगाला आपलं आपण थंड होता येत नाही. ताप चढला तर उतरायचा नाही.' एसी घेतला तो त्यासाठी, हौसेसाठी नव्हे. हिंमतराव स्वतः बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसायचे, आपण आत बसलो तर थंडावा उगाच वाटला जाईल म्हणून.

माणूस एक नंबरचा तिरसट. पहिल्याच वर्षी म्हणाले, "पाण्याने धुवायचे चारशे? आमची मोरी मी फुकट धुतो." पण पैसे द्यायचे पूर्ण, नोटा हाताने सरळ करून.

आनंद कॉइलवर प्रेशर पंप मारायचा तेव्हा खाटेवर प्लॅस्टिक पसरायचा. वेणूबाई चेहरा तेवढा बाहेर ठेवायला लावत. "आनंद, जरा इकडे मार रे." मग तो नळी छताकडे करायचा आणि बारीक तुषार त्यांच्या तोंडावर पडायचे. बाईंना कळायचं ते तेवढंच, चेहऱ्यावरचं. डोळे मिटून त्या हसायच्या. बाहेरून हिंमतराव ओरडायचे, "वासनिक, त्याचे वेगळे लावू नका!"

यंदाही मार्चमध्ये आनंदने नेहमीप्रमाणे फोन केला. "काका, यंदा आठशे झालेत."

"आठशे? एसी धुताय की देवाला अभिषेक घालताय?"

आनंद तेव्हा कोणाच्या तरी गच्चीवर तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून होता. सकाळपासून घासाघीस करणारा हा सातवा माणूस. त्याचं डोकं सणकलं. "मग जुलैत करा ना, काका! सहाशेत करून देतो."

"ठरलं. जुलै म्हणजे जुलै. आता मध्ये फोन करू नका," असं म्हणून हिंमतरावांनी फोन ठेवून दिला.

आनंदला वाटलं, दोन दिवसांत येईल झक मारत फोन. आला नाही. आपणच करावा असंही मनात आलं, पण केला तर भाव उतरवावा लागणार, हेही आलंच.

एप्रिलच्या शेवटी त्याच गल्लीत समोरच्या इमारतीत काम निघालं. त्याने वर पाहिलं. हिंमतरावांच्या गॅलरीत एसीचं बाहेरचं मशीन, आउटडोअर; त्याच्या जाळीवर धूळ आणि कबुतरांच्या पिसांचं कांबळं चढलं होतं. मशीन धापा टाकतंय, हे त्याच्या कानाला खालूनच कळलं. आत खाटेवर कोण आहे, हेही त्याला ठाऊक होतं. वर जाऊन नुसता फिल्टर आणि ती जाळी धुतली असती तरी चाललं असतं, दहा मिनिटांचं काम. अरे, मग जायचं ना माणसा! पण बाणेरहून तीन फोन येऊन गेले होते. उद्या जाऊ म्हणाला आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या दिवशी हडपसरला काम होतं, तिसऱ्या दिवशी वाकडला, आणि मग ते राहूनच गेलं.

एक जुलैला सकाळी नऊच्या ठोक्याला फोन वाजला. "वासनिक, जुलै लागला. सहाशे ना?"

आनंदच्या छातीवरचं ओझं उतरलं. "हो काका, आत्ता येतो! काकू कशा आहेत?"

"या तुम्ही."

खाटेवरची गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली होती. वर वेणूबाईंचा फोटो, त्याला ताजा हार. आनंद पंप हातात घेऊन दारातच थिजला.

"सोळा मेला हे यंत्र बंद पडलं," हिंमतराव पेपरातली बातमी वाचावी तसे सांगू लागले. "कंपनीला फोन केला. म्हणाले, चार दिवसांनी माणूस पाठवतो. मी ओल्या फडक्यांनी पुसत बसलो. सतराला ताप एकशे पाच. दवाखान्यात नेलं. अठराला गेली."

"काका, मला का नाही बोलावलं?"

"जुलै ठरलं होतं ना. भर सीझनात तुम्हाला बोलवायचं आणि हातावर सहाशे ठेवायचे, हा लबाडपणा झाला. आणि आठशे द्यायचे, तर मार्चमध्ये भांडलो कशाला?" हिंमतराव हसायला गेले, ते काही जमलं नाही. "धुवा आता. ठरलंय म्हणून बोलावलं."

आनंदने फिल्टर काढला. त्यावर गोधडीसारखा जाड थर होता. कॉइल धुतली तर बादलीभर काळं पाणी निघालं. बाहेरची जाळी खरवडून लख्ख केली. पंपाचे तुषार मोकळ्या खाटेवर पडत राहिले, त्याने पुसले नाहीत. हिंमतराव चहा टाकायला आत गेले तेव्हा त्याने रिमोट दाबला. दोन मिनिटांत गारेगार हवा सुटली. मशीनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. घुसमटून तापलं होतं आणि बंद पडलं होतं, बस्स. आनंदने घाईघाईने ते बंद केलं.

हिंमतराव दोन कप घेऊन दारात उभे होते. "वासनिक, एक विचारतो. खरं सांगायचं. मार्चमध्येच धुतलं असतं, तर चाललं असतं का हो हे?"

"थांबा काका, बघून सांगतो."

तो गॅलरीत गेला, आउटडोअरचं झाकण उघडलं आणि कॉम्प्रेसरची वायर उपटून आत खुपसली. आत येऊन त्याने रिमोट दाबला. आतला पंखा तेवढा घरघरला. हिंमतरावांनी कप खाली ठेवला आणि झोताखाली तळवा धरला, रोज बाईंना निजवण्याआधी धरत असत तसा.

"गरमच आहे."

"कॉम्प्रेसर बसलाय, काका. आतूनच गेलाय. कितीही धुतलं असतं तरी काही झालं नसतं."

"मार्चमध्येसुद्धा?"

"मार्चमध्येसुद्धा नाही."

हिंमतराव त्या मोकळ्या खाटेवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. "दीड महिना मला वाटतंय हो, दोनशे रुपयांपायी मी तिला..."

"नाही काका. तुमचा काही दोष नाही." हे मात्र आनंद अगदी मनापासून बोलला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, पाकीट काढलं, नोटा सरळ केल्या. आनंद म्हणाला, "राहू द्या, काका."

हिंमतरावांची मान झटकन वर झाली. "का? धुतलंत ना? मग फुकट कशाला?"

ते रोखून पाहत होते. आणखी एकदा नाही म्हटलं असतं, तर सगळं ओळखलं असतं त्यांनी. आनंदने पैसे घेतले, मोजल्यासारखं केलं आणि खिशात घातले.

"भंगारात देऊन टाकतो हे," हिंमतराव म्हणाले.

"द्या, काका."

रस्त्यावर येऊन, एप्रिलमध्ये उभा होता तिथूनच त्याने वर पाहिलं. आउटडोअर धुऊन लख्ख झालं होतं, आणि बंद होतं. "दहा मिनिटांचं काम होतं रे," तो मोठ्याने म्हणाला. शेजारून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. खिशातल्या सहाशेंवर हात ठेवून आनंद गाडीपाशी कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.