टाकीजवळचा जॉइंट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मैत्रिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर तर रोज दोन वेळा जेवायला बसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. बघा, इथेही भित्रेपणा आलाच.

आमचं घर पनवेलजवळच्या कोन गावात. बाबांनी उभा जन्म तळोज्याच्या कारखान्यांचा माल वाहिला, त्यातली वीस वर्षं एकाच डिझेल ट्रकवर. मी पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, पण डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढायला शाळेत असतानाच शिकले. मी इंजिनावरचा हातपंप दाबायचे, बाबा केबिनमध्ये बसून सेल्फ मारायचे. नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगत, आणि चुकत नसत. त्यांना त्याचा गर्व होता. खरं तर मलाही होता.

गेल्या थंडीत गाडी सकाळी सुरूच होईना. सेल्फ घरघरायचा, इंजिन ढिम्म. हातपंप मारला की सुरू व्हायची, दिवसभर नीट चालायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "टाकीजवळचा जॉइंट बघ गो. हवा घेतंय, डिझेल मागं उतरतंय." त्यांचे गुडघे गेलेले, गाडीखाली शिरता येत नाही. मी शिरले.

इथून पुढे लिहवत नाही. आधी दुसरंच सांगते.

दिवाळीनंतर एकदा मी त्यांच्या शेजारी बसून जात होते. शुगरने त्यांची नजर अधू झाली होती. एक बाई रस्ता ओलांडत होती — मी किंचाळले तेव्हा कुठे ब्रेक लागला. "दिसली होती मला," म्हणाले. दिसली नव्हती. भाऊ रोज फोनवर सांगायचा, आता गाडी बंद करा असं तूच सांग, तुझं ऐकतात. मी सांगितलं का? छे. रोज ठरवायचे, आणि रोज पर्स उचलून कामावर निघून जायचे.

तर मी गाडीखाली उताणी पडले होते. बोटाने जॉइंट हलवून पाहिला — हलला. पाना हातातच होता. अर्धा फेरा दिला असता तर काम झालं असतं. "काय गो?" बाबांनी वरून विचारलं.

"घट्ट आहे," मी म्हटलं.

काय वाटलं होतं मला — फक्त गाडी जाईल? बाबांनी फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, नोझल तपासून आणले. आणखी दोनदा मला खाली पाठवलं, कारण त्यांचा कान तेच सांगत होता. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी पाना पुसून पेटीत ठेवला. मग बाबा म्हणाले, "माझा कानच गेला वाटतं. विकून टाकू."

घेणाऱ्याने आपला मेकॅनिक आणला होता. तो गाडीखाली शिरला, दोन मिनिटांत बाहेर आला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "काय केलंस रे?" बाबांनी विचारलं. सौदा फिस्कटू नये म्हणून असेल, तो म्हणाला, "काय नाय काका, हात लावला फक्त." गाडी वळणावर पोचण्याआधीच बाबा घरात निघून गेले.

आता ते कुठल्याच आवाजाची खात्री देत नाहीत. पाण्याची मोटर अडखळली तरी मला हाक मारतात, मी सांगेन ते खरं मानतात. सांगून टाकावं का? पण काय सांगू — तुमचा कान शाबूत होता, तुमची पोरगी खोटं बोलली? यातलं कुठलं त्यांना सोसेल?

परवा त्यांचे जुने ड्रायव्हर मित्र आले होते. गाडी का विकली, म्हणून विचारत होते. बाबा म्हणाले, "पोर बिचारी तीनदा खाली लोळली. घट्ट हाय, घट्ट हाय म्हणून सांगत होती. मीच हट्टाला पेटलेलो."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हसले.